फळ हातात आहे, झाड कुठलं? शेंगा-बियांवरून अनोळखी झाड ओळखण्याची पद्धत

मे महिन्यात घोडबंदर रोडच्या कडेने किंवा नेरूळच्या एखाद्या आतल्या रस्त्याने दहा मिनिटं चाललं तरी पायाखाली चार-पाच तऱ्हेच्या शेंगा, बोंडं, पंखवाल्या बिया येतात. झाड फुललेलं असलं की ओळख सोपी, पण बहुतेक झाडांचं फूल चार दिवसांचं पाहुणं. फळ मात्र महिनोन्‌महिने फांदीला लटकतं आणि मग बुंध्याशी पडून राहतं. वर्षातले बरेचसे दिवस आपल्या हाती असतो तो हाच पुरावा.

अनोळखी फळ दिसलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: खातात का, आणि रंग कोणता. ओळखीच्या कामात दोन्हींचा उपयोग फार थोडा. रंग तर पिकताना तीनदा बदलतो. त्यापेक्षा तीन गोष्टी बघा. फुलाचे अवशेष फळाच्या कुठल्या टोकाला आहेत, आडवं कापल्यावर आत किती कप्पे दिसतात आणि बी नेमकी कुठे चिकटलेली आहे. एवढं नीट पाहिलं की झाडाचं कूळ बहुतेक वेळा सापडतं, आणि कूळ सापडलं की पुढचं काम निव्वळ तुलनेचं उरतं.

चाखून बघायचं नाही

ओळख पटेपर्यंत कुठलंही फळ जिभेला लावू नका. ‘पक्षी खातात म्हणजे चालत असेल’ हा हिशेब खोटा आहे. पक्षी गर खातात आणि बी अख्खी टाकून देतात. विष पुष्कळदा त्या बीतच असतं. सोसायटीच्या कुंपणाला लावलेली बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, पडीक प्लॉटवरचा एरंड आणि धोतरा, झुडपावर चढलेली गुंज, कोकणातल्या रानातला काजरा, सुकाणू, या सगळ्यांच्या बिया जिवावर बेतू शकतात. गुंजेचं कवच टणक असल्यामुळे न चावता गिळलेली बी कधी कधी तशीच बाहेर पडते, पण चावलेल्या किंवा माळेसाठी भोक पाडलेल्या बीला तो नियम लागू नाही. मुलाने काही चावल्याचं कळलं तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. 108 ला फोन करा आणि उरलेलं फळ किंवा बी सोबत दवाखान्यात न्या.

त्वचेला त्रास देणारीही चार फळं लक्षात ठेवा. खाजकुइलीच्या शेंगेवरची सोनेरी-तपकिरी लव वाऱ्यानेसुद्धा अंगावर येते. लागलीच तर चोळू नका. आधी चिकटपट्टी दाबून उचलून काढा, मग धुवा. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. खाडीतल्या गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. आणि भेरली माडाच्या लालसर फळांचा गर हाताला लागला की सुया टोचल्यासारखी खाज सुटते, कारण त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. नवी मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांच्या फाटकाशी हा माड शोभेसाठी उभा आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सामान

दहा पट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसलं भिंग हवं. त्याखेरीज 15 सेंटिमीटरची पट्टी, धारदार कटर, कापायला लाकडी फळी, पांढरी बशी, वाटीभर पाणी, रबरी हातमोजे, खाकी कागदी पाकिटं आणि पेन्सिल. पेनाची शाई ओल लागली की पसरते, पेन्सिल टिकते. स्वयंपाकघरातली सुरी आणि पाट या कामाला घेऊ नका. काय कापतोय हेच जिथे माहीत नाही तिथे नंतर कांदा चिरायला नको.

प्लास्टिकची पिशवी टाळा. आपल्याकडच्या दमट हवेत पिशवीत बांधून ठेवलेलं रसाळ फळ दुसऱ्या दिवशी बुरशीने पांढरं झालेलं मिळतं आणि बीवरचं पातळ आवरण, जे ओळखीला लागतं, तेच आधी सडतं.

उचलण्याआधी मान वर करा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. झाडाखाली पडलेलं फळ त्याच झाडाचं असतं असं नाही. वटवाघळं बदामाची फळं दूर नेऊन दुसऱ्याच झाडाखाली टाकतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेल्या बियांचा सडा वडाखाली हमखास असतो. झाडावर चढलेल्या वेलीच्या शेंगा झाडाच्या नावावर खपतात. तेव्हा वर पाहून तेच फळ फांदीला लागलेलं दिसतंय का याची खात्री करा, आणि ते कसं लागलंय तेही टिपून घ्या: एकेकटं, घोसात, पानाच्या बगलेत, फांदीच्या टोकाला की थेट खोडावर. उंबराची फळं खोडावर लगडतात, कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात. ही माहिती जमिनीवर पडलेल्या फळात उरत नाही.

दुसरी फसगत गाठींची. सप्तपर्णीच्या आणि करंजाच्या पानांवर हिरव्या गोळ्या आलेल्या दिसतात. त्या फळं नव्हेत. किडीच्या किंवा कोळ्यासारख्या बारीक जिवाच्या उपद्रवाने पानाने धरलेल्या गाठी आहेत. कापून बघा. आत बी नसते, पोकळी किंवा अळी सापडते. आणि फळ कधी पानाच्या पृष्ठभागावर फुटत नाही.

एकच फळ उचलून भागत नाही. कोवळं, तयार आणि सुकून उकललेलं अशी तिन्ही अवस्थांतली मिळून सात-आठ तरी घ्या. कोवळ्यात कप्पे स्पष्ट दिसतात, सुकलेल्यात फळ कसं उकलतं ते कळतं. सोबत एक पान, आणि पान संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पानोळ्यांचं असेल तर देठासकट अख्खं. चिंचेची एक बारकी पानोळी घरी आणून काही निष्पन्न होत नाही.

पाकिटावर तारीख, जागा, झाडाची अंदाजे उंची, खोडाची साल, आणि चीक निघतो का, निघाला तर कुठल्या रंगाचा, एवढं लिहा. चीक पांढरा, पिवळा की पाण्यासारखा हे तिथल्या तिथेच बघायचं; घरी पोहोचेपर्यंत तो सुकलेला असतो.

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. तिथून खाली पडलेली बीसुद्धा आणायची नाही, फोटोवर भागवायचं. कांदळवनांनाही संरक्षण आहे. सुदैवाने रस्त्याकडेची आणि सोसायटीची झाडं वर्षभर शिकायला पुरतील इतकी आहेत.

वांग्याची टोपी, पेरूचा मुकुट

फळ म्हणजे फुलाचा पिकलेला मधला भाग. फुलाच्या बाकीच्या भागांपैकी काहीतरी मागे राहतंच. वांगं हातात घ्या: हिरवी टोपी देठाकडे. पेरू घ्या: पाकळ्यांखालच्या हिरव्या भागाचा सुकलेला मुकुट देठाच्या विरुद्ध टोकाला. वांग्याच्या फुलात बीजकोश, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, पाकळ्यांच्या वर असतो, पेरूच्या फुलात खाली. हा एकच फरक अर्धी झाडं बाजूला काढतो.

मुकुट खालच्या टोकाला असेल तर पेरू-जांभळाचं कूळ, डाळिंब, कुंभा, काकडीचं कूळ, कदंब-बारतोंडीचं कूळ यांच्याकडे वळा. जांभळाच्या टोकाला भिंगाने पाहिलं तर बारीक गोल कडा दिसते, तो मुकुटाचाच अवशेष. टोपी देठाकडे असेल तर वांगं-धोतऱ्याचं कूळ, भेंडीचं कूळ, साग-शिवणीचा गट वगैरे. सागात तर ही टोपी फुगून कागदी फुग्यासारखी होते आणि फळ तिच्या आत दडतं. ठाण्यात सागाखाली पडलेले ते चुरगळलेले फुगे उघडले की आत लव असलेली टणक आठळी निघते.

टोकाला आणखी एक खूण शोधा, चोचीसारखं काही उरलंय का. करंजाच्या शेंगेची वाकडी चोच म्हणजे फुलातल्या कुक्षीवृंताचा, बीजकोशावरच्या बारीक दांडीचा, उरलेला तुकडा.

आडवा काप

फळ देठ वर धरून मधोमध आडवं कापा. उभा काप नंतर. लोक सवयीने उभं कापतात आणि कप्पे मोजायचे राहून जातात.

तीन कप्पे आणि प्रत्येकात एकेकच बी असेल तर एरंडाचं कूळ आधी डोक्यात आणा. एरंडाचं बोंड काटेरी, बी चट्ट्यापट्ट्यांची आणि तिच्या टोकाला मऊ पांढरट गाठ. मोगली एरंडाचं फळ गुळगुळीत, बी काळपट. खाडीतला गेवाही याच कुळातला, त्याची बारकी फळंसुद्धा तीन भागांची. पाच किंवा जास्त कप्पे आणि प्रत्येकात बियांची रांग म्हणजे भेंडीचं कूळ. सावरीचं बोंडही पाच भागांतच उकलतं, फक्त आत कापूस असतो. दोन कप्पे, मधे जाड गादी आणि तिच्यावर चपट्या बियांची दाटी ही मिरची-वांग्याच्या कुळाची ठेवण. धोतऱ्यात याच गाद्यांच्या दोन्ही बाजू वाढून चार कप्पे झाल्यासारखे वाटतात, म्हणून बी बघा: मिरचीच्या बीसारखी चपटी आणि मूत्रपिंडाच्या आकाराची.

काकडीच्या कुळासाठी तोंडलं कापून ठेवा, नमुना म्हणून कायम उपयोगी. मध्यापासून तीन भाग निघतात आणि काठाशी येऊन पुन्हा आत वळतात. पावसाळा संपताना कुंपणावर शिवलिंगीचा वेल दिसतो. साधारण दोन सेंटिमीटरची गोल फळं पिकल्यावर लालभडक होतात आणि त्यांवर पांढरे उभे पट्टे राहतात. फळ फोडून बी स्वच्छ धुवा, पांढऱ्या बशीत ठेवून भिंगाखाली धरा. मधोमध उठावदार पट्टा, वर फुगीर भाग, खाली बैठक. नाव का पडलं ते बघताक्षणी कळतं आणि दुसरी कुठली बी तशी दिसत नाही. खायचं फळ नव्हे.

कापल्यावर एकच टणक आठळी लागली तर ते आंबा, भोकर, कडुनिंब, बदाम यांच्या धर्तीचं फळ. भोकराचा गर बोटांत तारा धरतो, इतका चिकट. या प्रकारात आठळी फोडून आत किती बिया आहेत ते बघावं लागतं. बाहेरून एकच दिसणाऱ्या सागाच्या आठळीत चार कप्पे असतात.

काही ‘फळं’ फळंच नसतात. उंबर, वड, पिंपळ यांचं फळ म्हणजे आतून बंद झालेला फुलोरा. कापल्यावर आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं आणि त्यांत फिरणारी चिलटाएवढी गांधीलमाशी दिसते. फणस, बारतोंडी, कदंब ही अनेक फुलांची मिळून झालेली फळं, सीताफळ एकाच फुलाच्या अनेक भागांचं. आणि काजूचं बोंड हा फुगलेला देठ, खरं फळ खाली लटकणारी बी. बिब्ब्याचंही तसंच.

शेंग दिसली म्हणून सगळी एका कुळातली नसतात

ठाणे-नवी मुंबईत खाली पडलेल्या मालात शेंगाच जास्त, म्हणून इथे जरा थांबू.

वालाची शेंग घ्या आणि शिवणीवर नखाने उघडा. सगळ्या बिया एकाच शिवणीला लागलेल्या असतात, आणि शेंग पसरली की एक बी डाव्या फाकीला, पुढची उजव्या, असं आळीपाळीने. एकच कप्पा, एकच बियांची रेघ, उकललीच तर दोन्ही कडांनी. ही शिंबी कुळाची खरी खूण. मोहरीची शेंग बाहेरून तशीच, पण आत पातळ पडदा असतो आणि बिया त्याच्या दोन्ही बाजूंना. पावसाळ्यात फुटपाथच्या फटीतून उगवणाऱ्या पिवळ्या तिळवणीत पडदा नसतो. दोन्ही साली गळून जातात आणि बियांची चौकट उभी राहते.

शेंग जोडीने लोंबत असेल आणि फक्त एका बाजूने फाटत असेल तर ती कण्हेर-रुईच्या कुळातली. तिथे चीक पांढरा आणि बीला रेशमी झुपका. कुड्याच्या दोन शेंगा 20 ते 40 सेंटिमीटर लांब आणि एकमेकींपासून सुट्या. काळ्या कुड्याच्या दोन्ही शेंगा टोकाला जुळलेल्या, बांगडीसारखा आकार करून लटकतात आणि पिकेपर्यंत सुटत नाहीत. सप्तपर्णीच्या शेंगा त्याहून बारीक, दोरीसारख्या, झुपक्यांनी लोंबणाऱ्या. तिच्या बीला केस दोन्ही टोकांना असतात. एवढी एक खूण पाहिली की वाद संपतो.

तलवारीसारखी, मीटरभर लांब चपटी शेंग आणि आत कागदासारख्या पारदर्शक पंखांच्या चकत्या म्हणजे टेटू. नावेच्या आकाराची, वर तोंड करून उभी राहणारी आणि अशाच पारदर्शक बिया सोडणारी शेंग पिचकारीच्या झाडाची. दोन्ही एकाच कुळातली, शिंबी कुळाशी संबंध नाही.

आता खऱ्या शेंगा. गुलमोहराची 30 ते 60 सेंटिमीटर लांब, लाकडासारखी, आत आडव्या खाचांत एकेक लांबट बी. सोनमोहराची जेमतेम 5 ते 10 सेंटिमीटर, तांब्याच्या रंगाची, दोन्ही टोकांना निमुळती, एक ते चार बियांची आणि कडेला पातळ पंख असलेली. ती उकलत नाही. बहाव्याची नळीसारखी, काळी, आत एकावर एक रचलेल्या चकत्यांमध्ये चिकट काळा गर. पर्जन्यवृक्षाची जाडसर, सरळ, दाबली की आत गोडसर चिकटपणा, म्हणून गाई-बकऱ्या ती वेचून खातात. शिरीषाची फिकट पेंढ्याच्या रंगाची, पातळ, वाऱ्यात खुळखुळणारी. पळसाची चपटी, मऊ लव असलेली, पण बी फक्त टोकाला एकच. बाकी शेंग वाऱ्यावर जाण्यासाठी पंखाचं काम करते. करंजाची एकबियाची, लाकडी, 4 ते 6 सेंटिमीटर. आपट्याची शेंग न उकलता झाडावरच काळी पडून राहते, तर कांचनाची तडकून दोन्ही फाकी पिळवटतात.

गुंडाळलेल्या शेंगा दोन झाडांच्या फार दिसतात. विलायती चिंचेची गुलाबीसर, आत काळी बी आणि तिच्याभोवती पांढरा-गुलाबी गर. ऑस्ट्रेलियन बाभळीची सुकलेली, तपकिरी, कानासारखी वळलेली, आणि काळी बी नारिंगी दोऱ्याने लटकलेली. दोरा जुन्या शेंगेत फिका पडतो, पण असतो. मुरुडशेंगही पिळलेलीच, मात्र ती शेंग नव्हे: पाच फळं दोरखंडासारखी एकमेकांभोवती वळलेली असतात. तिचा आडवा काप घेतला की पाच भाग मोजता येतात. कूळ भेंडीचं.

बी वाचायची कशी

बी फळातून काढा, धुवा, सावलीत सुकवा आणि मग मोजा. एकच बी मोजून चालत नाही. दहा मोजा आणि सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठी अशी नोंद करा. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही. किडलेल्या बाजूला काढा: सुबाभूळ-शिरीषाच्या बियांत भुंग्याची गोल भोकं हमखास असतात आणि ती भोकं बीचं लक्षण समजून लिहून ठेवणारेही भेटतात.

मग नाभी शोधा, म्हणजे बी फळाला जिथे जोडलेली होती तो डाग. बाजूला आहे की टोकाला, गोल की लांबट, भोवती गाठ किंवा कड आहे का? त्यानंतर चपटी बाजू प्रकाशात तिरकी धरा. शिरीष, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ यांच्या बीवर घोड्याच्या नालासारखी, एका बाजूला उघडी, बारीक रेघ दिसते. गुलमोहराच्या बीवर ती नसते. सुट्या बियाच मिळाल्या असतील तेव्हा ही रेघ फार कामाला येते.

लाल बियांचा घोळ नेहमीचा. अंडाकृती, लाल आणि एका टोकाला काळा डाग, नाभी त्या काळ्या भागातच: ती गुंज, पिसासारख्या पानांचा नाजूक वेल. पूर्ण लाल, भिंगासारखी दोन्हीकडून फुगीर, चकचकीत: ती थोरली गुंज, मोठ्या झाडाची, शेंग उकलताना पिळवटते. लाल पण लांबट, वालासारख्या वळणाची आणि शेंग बियांमध्ये आवळलेली: पांगारा. राखाडी, गोटीसारखी, टणक बी काटेरी शेंगेतून आली असेल तर सागरगोटा.

शेवटी बी रात्रभर भिजवून साल काढा. दोन डाळिंब्या सुटल्या तर द्विदल. एकसंध कठीण गाभा निघाला तर माड-सुपारीच्या किंवा गवतांच्या गटाकडे बघा.

पाच पंखांचं फळ: अर्जुन की ऐन?

ही चूक अनुभवी लोकही करतात. दोन्हींची फळं सुकी, लाकडी आणि पाच उभ्या पंखांची. ऐनाचं फळ सहसा मोठं आणि पंख रुंद, पण आकारावर जाऊ नका, एकाच झाडावर खूप फरक सापडतो. एक पंख तोडून खिडकीच्या उजेडात धरा. अर्जुनाच्या पंखावरच्या रेघा मधल्या दांड्यापासून निघून वर वळत जातात. ऐनाच्या रेघा दांड्यापासून काठापर्यंत सरळ आडव्या जातात. मग सालीवर शिक्कामोर्तब करा: अर्जुनाची गुळगुळीत, पांढरट-करडी, पापुद्रे सुटणारी; ऐनाची काळसर आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची.

याच घरातला किंजळ तीन पंखांचा, त्यातला एक मोठा आणि दोन लहान, आणि झाड फळांवर आलं की तांबूस दिसतं. बेहड्याला पंख नसतात, फळ गोलसर आणि मखमली. देशी बदामाला दोन्ही कडांना धार असते आणि बाहेरचं आवरण तंतुमय, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतं.

तरंगण्याची चाचणी म्हणून तर वाटीभर पाणी घ्यायला सांगितलं. सुकं फळ अख्खं टाकून बघा. बदाम, उंडी, करंज, सुकाणू ही पाण्यावाटे पसरणारी, ती वर राहतात. एकट्या या चाचणीवर निकाल देऊ नका, किडलेलं पोकळ फळही तरंगतंच.

खाडीकाठ

ठाणे खाडीत तिवर सगळ्यात जास्त. त्याचं फळ चपटं, बदामाच्या आकाराचं, फिकट लव असलेलं. सोललं की आत घडी घातलेली दोन जाड हिरवी दलं, कारण बी झाडावरच रुजायला लागलेली असते. कांदळाची लांब हिरवी काठी म्हणजे फळातून बाहेर आलेलं रोप, शेंग नव्हे. चिपीचं फळ चपटं गोल आणि देठाकडे चांदणीसारखा पसरलेला पाकळ्यांखालचा भाग. पांढरी चिपी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. काजळ्याचं फळ वाकड्या शिंगासारखं. नमुने उचलता येत नाहीत तेव्हा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन समोर बघून घेणं उत्तम.

मोबाईलला विचारताना

ओळख सांगणारी ॲप वाईट नाहीत, पण सुक्या शेंगेचा एक फोटो टाकून उत्तराची वाट बघणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. निदान पाच फोटो द्या: अख्खं झाड, साल, पान मागून-पुढून, फळ पट्टीसोबत, आडवा काप आणि बिया पट्टीसोबत. फोटो सावलीत घ्या, उन्हात लाल रंग विटतो. ॲपने नाव सांगितलं की ते मान्य करण्याऐवजी खोटं पाडायचा प्रयत्न करा. त्या जातीच्या फळाला किती कप्पे, शेंग उकलते का, बीची मापं काय, आणि ते झाड आपल्या भागात त्या महिन्यात फळतं का? यातलं एक जरी जुळलं नाही तरी कुळातलं दुसरं नाव शोधा. मराठी नावावर थांबू नका. ‘रानभेंडी’ आणि ‘जंगली बदाम’ ही नावं गावागणिक वेगवेगळ्या झाडांना चिकटलेली आहेत.

काहीच जुळेना तर पेरा

विषारी बियांच्या यादीतलं काही नसेल आणि घरात लहान मूल किंवा मांजर नसेल तर बी पेरून बघणं हा शेवटचा, पण फार खात्रीचा मार्ग. टणक बीला नाभीच्या विरुद्ध बाजूला पॉलिश कागदाने घासा, आतला फिकट थर दिसू लागला की थांबा. कोमट पाण्यात 12 ते 24 तास ठेवा. फुगलेल्या बियाच पेरा, बीच्या जाडीच्या दुप्पट खोल, आणि कुंडीला भोक असू द्या. न फुगलेल्या पुन्हा घासा. बहुतेकांचा घोटाळा असा की नाभीकडेच घासतात; तिथेच अंकुराचं टोक असतं आणि ते जखमी होतं.

उगवताना दोन डाळिंब्या मातीच्या वर येतात का ते पाहा. चिंचेच्या येतात, आंब्याच्या मातीतच राहतात. त्यांच्यानंतर येणारी पहिली खरी पानं ओळखीची, पण तीही एकदम मान्य करू नका. ऑस्ट्रेलियन बाभळीचं रोप आधी लाजाळूसारखी बारीक पिसासारखी पानं काढतं. मोठ्या झाडावर दिसणारी विळ्यासारखी लांब ‘पानं’ पुढे येतात, आणि ती पानं नसून पसरट झालेले देठ असतात. रोप साताठ पानांचं होईपर्यंत दर आठवड्याला एक फोटो काढत राहा. पाकिटात पाच-सहा बिया न पेरता ठेवून द्या, म्हणजे रोप मेलं तरी पुन्हा पहिल्यापासून बघता येतं.